मेग्ज फील्डची धावपट्टी : घरात बसून उडणाऱ्यांचा इतिहास

३० मार्च २००३ची रात्र. शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांच्या आदेशावरून बुलडोझर मिशिगन सरोवराच्या काठावरील मेग्ज फील्ड या छोट्याशा विमानतळावर शिरले आणि त्यांनी तेथील एकुलत्या एका धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खोदल्या. पूर्वसूचना कोणालाही नव्हती. सकाळ झाली तेव्हा सोळा विमाने जागच्या जागी अडकून पडलेली होती. ती पुढे टॅक्सीवेवरून उडवून न्यावी लागली. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने शहराला ३३ हजार डॉलर दंड ठोठावला. आज त्या जागी उद्यान आहे.

एका महापालिकेच्या मनमानीची ही गोष्ट तिथेच संपायला हवी होती. परंतु त्या दिवशी ज्यांनी शिकागो कधी पाहिलेले नव्हते, ज्यांच्याकडे वैमानिकाचा परवाना नव्हता, अशी जगभरची असंख्य माणसे हळहळली. कारण मेग्ज फील्डची ती धावपट्टी त्यांना पाठ होती. समोर पाणी, डावीकडे गगनचुंबी इमारती, आणि हातात कळफलक. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये १९८२पासून जवळजवळ वीस वर्षे प्रत्येक नवशिक्याचे पहिले उड्डाण याच धावपट्टीवरून झालेले होते.

आजचा धागा या माणसांविषयी आहे. त्यांनी आभासी विमान कंपन्या काढल्या, आभासी नियंत्रण मनोरे चालवले, परीक्षा घेतल्या, बढत्या दिल्या, भांडणे केली, फुटून वेगळ्या संस्था स्थापल्या. हे सारे विनावेतन. इतिहासाच्या विद्यार्थ्याने याकडे ‘गेम’ म्हणून दुर्लक्ष करावे असे मला वाटत नाही. का, ते पुढे येईलच.

आरंभ संगणकाच्या कितीतरी आधी होतो. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन या गावी लिंक कुटुंबाचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. त्या घरातील एडविन लिंक या तरुणाला विमान चालवण्याचे वेड होते आणि शिकवणीचा खर्च परवडत नव्हता. ऑर्गनमध्ये हवा भरणारे भाते त्याने एका छोट्या लाकडी विमानाखाली बसवले. दांडा हलवला की भात्यांत हवा भरे किंवा रिकामी होई आणि ते विमान जमिनीवरच डोले, कलंडे, वळे. हे १९२९ साल. विमानशाळांनी त्याकडे पाठ फिरवली. यंत्राला गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या बागांमध्ये.

चित्र पालटले ते १९३४ साली. अमेरिकी लष्कराच्या विमानदलावर टपाल वाहण्याचे काम अचानक सोपवले गेले. खराब हवेत, केवळ उपकरणांवर नजर ठेवून उडण्याचा सराव त्या वैमानिकांना नव्हता. काही आठवड्यांत एकामागून एक वैमानिक मृत्युमुखी पडले. तेव्हा लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात तीच निळी पेटी दोस्त राष्ट्रांच्या लाखो वैमानिकांची पहिली शाळा ठरली. खेळणे आणि शिक्षणाचे साधन यांच्यातील सीमारेषा या क्षेत्रात पहिल्यापासूनच पुसट आहे, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. पुढे ‘हा खेळ आहे की अभ्यास’ या वादात ती सतत डोके वर काढते.

आता थेट इलिनॉय विद्यापीठात जाऊ. १९७०च्या दशकात तेथे प्लेटो नावाची संगणकीय शिक्षणव्यवस्था होती. एका मोठ्या संगणकाला शेकडो पडदे जोडलेले, आणि पडद्यांवर नारिंगी रंगाची अक्षरे. हेतू अध्यापनाचा, विद्यार्थ्यांनी मात्र त्यावर खेळ लिहिले. ब्रँड फोर्टनर या विद्यार्थ्याचा ‘एअरफाइट’ हा त्यांतील एक. निरनिराळ्या ठिकाणी बसलेली माणसे एकाच आकाशात विमाने उडवून एकमेकांवर तुटून पडत. म्हणजे अनेकांनी मिळून, तारेवरून जोडले जाऊन विमान उडवणे हा प्रकार घरगुती संगणकाहून जुना आहे.

त्याच विद्यापीठात १९७५ साली ब्रूस आर्टविक या विद्यार्थ्याने पदव्युत्तर प्रबंध सादर केला. विषय होता, संगणकाने क्षणोक्षणी रेखाटलेले, वैमानिकाला खिडकीतून दिसेल तसे दृश्य. १९७७ साली त्याने सबलॉजिक ही कंपनी काढली. पुढे काही वर्षांत ॲपल २ संगणकासाठी तिचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर बाजारात आला. चौकोन चौकोन आखलेले मैदान, रेषांचे डोंगर, अडखळत सरकणारे चित्र. तरीही तो तुफान खपला.

१९८२ साली मायक्रोसॉफ्टने परवाना घेऊन तो आयबीएमच्या संगणकावर आणला. त्या काळी आयबीएमची नक्कल करणारे अनेक संगणक बाजारात येत होते. अस्सल आणि नक्कल यांतील अंतर ओळखायचे कसे? त्यावर दोन सॉफ्टवेअर चालवून पाहत : लोटस १-२-३ आणि फ्लाइट सिम्युलेटर. दोन्ही चालली तर यंत्र विश्वासाचे. सिम्युलेटर यंत्राच्या अंतरंगाशी इतकी लगट करीत असे, की जराही फरक असला तर तो कोसळे. हिशेबाच्या वहीच्या पंगतीला विमान बसले, ही त्या दशकाची मला फार आवडणारी गोष्ट.

परंतु हे उडणे एकट्याचे होते. आकाशात दुसरे कोणी नाही, रेडिओवर आवाज नाही, उतरल्यावर वाट पाहणारे कोणी नाही. १९८६च्या सुमारास अटारी आणि अमिगा संगणकांवरील आवृत्तीत तार जोडून दोघांनी एकत्र उडण्याची सोय आली, पण ती दोघांपुरतीच. या एकटेपणातूनच आभासी विमान कंपनीची कल्पना निघाली असावी असे माझे मत आहे. उड्डाणाला कारण हवे होते. कोठून तरी कोठे तरी जायचे, ते कोणीतरी सांगायला हवे होते, आणि पोहोचलो हे कोणाला तरी कळवायचे होते.

१९९०च्या दशकात कॉम्प्युसर्व्हसारख्या सेवांवर आणि पुढे खुल्या इंटरनेटवर अशा कंपन्या उगवू लागल्या. पद्धत साधी होती. अर्ज करायचा, छोटी परीक्षा द्यायची, एखाद्या शहराचा तळ निवडायचा. कंपनी खऱ्या विमान कंपनीच्या वेळापत्रकावरून घेतलेले उड्डाण देई. ते आपल्या घरी, आपल्या संगणकावर, एकट्याने पूर्ण करायचे आणि मग ईमेलने ‘पायरेप’ म्हणजे वैमानिकाचा अहवाल पाठवायचा : उड्डाण क्रमांक, निघालो कोठून, पोहोचलो कोठे, इंधन किती जळले, वेळ किती लागला. अहवाल वाचून कोणीतरी स्वयंसेवक ते तास तुमच्या खात्यावर मांडे. इतके तास झाले की सहवैमानिक, आणखी इतके झाले की कॅप्टन, मग मोठे विमान.

तास हे या जगातले चलन होते. पैसा कोठेच नव्हता, प्रवासी नव्हते, विमानही नव्हते. परंतु हुद्दे होते आणि ते कमवावे लागत. एका खोलीत सहा तास बसून अटलांटिक ओलांडणारा माणूस नेमके काय कमावतो, हा प्रश्न बाहेरच्याला पडतो. आपल्याकडे वारीत चालणाऱ्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही, एवढेच नोंदवून पुढे जातो.

हा सारा कारभार विश्वासावर चाले. उड्डाण केलेच नाही आणि अहवाल पाठवला, तर पकडणार कसे? विमान स्वयंचलित यंत्रणेवर सोडून झोपी गेले तर? सिम्युलेटरमध्ये काळ चौपट वेगाने पळवण्याची सोय होती. ती वापरून सहा तासांचे उड्डाण दीड तासात आटोपले तर? या शंकांतून नव्या शतकाच्या आरंभी लहान टेहळणी सॉफ्टवेअर आली. ती उड्डाणाची प्रत्येक नोंद घेत : दिवे केव्हा लावले, चाके केव्हा काढली, वेगमर्यादा ओलांडली का. अहवाल आता माणूस लिहीत नसे, यंत्र लिही. पुढे पीएचपीव्हीएमएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमुळे कोणालाही संध्याकाळभरात कंपनी उभारता येऊ लागली, आणि कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या आणि मावळल्या.

टेहळणीचा एक मजेदार परिणाम झाला. यंत्र एक आकडा ठळकपणे नोंदवी : धावपट्टीला चाके टेकताना विमान मिनिटाला किती फूट वेगाने खाली येत होते. हा आकडा जितका लहान, तितका वैमानिक श्रेष्ठ असा समज रूढ झाला आणि त्याच्या फुशारक्या सुरू झाल्या. खरे वैमानिक मात्र सांगतात की ओल्या किंवा आखूड धावपट्टीवर विमान जरा ठामपणे टेकवणेच योग्य. हळुवार टेकवण्याच्या नादात निम्मी धावपट्टी मागे पडते. जे मोजता येते तेच मोलाचे ठरू लागते, हा प्रकार केवळ सरकारी कचेऱ्यांतच घडतो असे नाही.

एकटेपण खऱ्या अर्थाने संपले ते १९९७च्या सुमारास. साटको या संस्थेने जाळे उभारले. स्क्वॉकबॉक्स हे सॉफ्टवेअर वैमानिकाचा सिम्युलेटर त्या जाळ्याला जोडी, आणि प्रोकंट्रोलर हे सॉफ्टवेअर नियंत्रकाच्या पडद्यावर रडारचे चित्र उमटवी. विमानाचे स्थान दर काही सेकंदांनी कळे, त्यामुळे शेजारचे विमान उडत नसे, उड्या मारीत असे. बोलणे बहुतेक लिहून. डायल-अप जोडणी, फोनचे बिल वाढत चाललेले, आणि तरी एका देशातील विद्यार्थी दुसऱ्या देशातील निवृत्त गृहस्थाला ‘उंची दहा हजार फूट राखा’ असा आदेश देत आहे आणि तो निमूटपणे पाळत आहे!

आणि मग, जे प्रत्येक संस्थेत होते ते झाले. कारभार कोणाच्या हाती असावा यावरून मतभेद वाढले. १९९८च्या अखेरीस एक गट बाहेर पडला आणि त्याने आयव्हाओ स्थापन केली. ती पुढे बेल्जियममध्ये ना-नफा संस्था म्हणून नोंदली गेली. २००१च्या मध्यावर दुसरी फूट पडली आणि वॅटसिमचा जन्म झाला. साटको इतिहासजमा झाली. आज जगातील दोन मोठी जाळी हीच दोन, आणि दोन्ही एकाच घरातून फुटून निघालेली. दोघांत दोन दशकांहून अधिक काळ जी चुरस आहे, ती पाहताना भाऊबंदकी हा शब्द आठवल्यावाचून राहत नाही. फूट पडण्याजोगी येथे मालमत्ता कोणती होती? सर्व्हर, सभासदांची यादी आणि नियमावली. त्यांतील नियमावलीवरच सर्वाधिक रक्त आटले, हे मला विशेष वाटते.

नियमावली साधी नाही. वॅटसिमवर नियंत्रक व्हायचे तर पायरीपायरीने चढावे लागते : आधी जमिनीवरील वाहतूक, मग मनोरा, मग विमानतळाकडे येणारी-जाणारी विमाने, मग संपूर्ण हवाई क्षेत्र. प्रत्येक पायरीला अभ्यास, देखरेखीखालचा सराव आणि परीक्षा. जगाचे आकाश खऱ्या जगात जसे वाटलेले आहे तसेच येथे वाटलेले आहे, आणि शेजारच्या क्षेत्रांमध्ये लेखी करार होतात : तुमच्याकडून आमच्याकडे येणारे विमान कोणत्या उंचीवर, कोणत्या बिंदूवर सोपवायचे. भारताचेही विभाग दोन्ही जाळ्यांवर आहेत. व्हीएबीबी म्हणजे मुंबई, व्हीएपीओ म्हणजे पुणे, व्हीएएनपी म्हणजे नागपूर, ही खरीखुरी संकेतनामे तेथील नियंत्रकांच्या तोंडी असतात. मुंबईच्या हवाई क्षेत्राची हद्द अरबी समुद्रात कोठवर जाते हे मला प्रथम कळले ते भूगोलाच्या पुस्तकातून नव्हे, अशाच एका पडद्यावरून.

वॅटसिमच्या नियमांत एक कलम असे आहे की विमान अपहरणाचा प्रसंग रंगवण्यास सक्त मनाई. इतर संकटे, म्हणजे इंजिन बंद पडणे, धूर, आजारी प्रवासी, यांचा सराव करता येतो. तोही नियंत्रकाने नको म्हटले तर थांबवावा लागतो. अपहरण मात्र अजिबात नाही. वॅटसिम स्थापन झाल्यावर काही आठवड्यांतच ११ सप्टेंबर २००१ उजाडला. मायक्रोसॉफ्टने त्याच शरद ऋतूत येऊ घातलेल्या नव्या आवृत्तीतून न्यूयॉर्कचे दोन्ही मनोरे काढून टाकले. ज्या छंदाकडे तोवर निरुपद्रवी वेड म्हणून पाहिले जाई, त्याच्याकडे एकाएकी संशयाने पाहिले जाऊ लागले. आपण जबाबदार माणसे आहोत हे सिद्ध करण्याची गरज या समुदायाला तेव्हा किती तीव्रतेने जाणवली असेल, याची कल्पना करता येते.

येथवरची कहाणी वाढीची. २००९ या सालाने दोन आघात केले. जानेवारीत मायक्रोसॉफ्टने फ्लाइट सिम्युलेटर बनवणारा आपला एसेस स्टुडिओ बंद केला. सत्तावीस वर्षांची परंपरा खंडित झाली. ज्या पायावर हजारो स्वयंसेवकांनी घरे बांधली होती, तो पाया एका कंपनीच्या मालकीचा होता, हे त्या दिवशी कळले. दुसरा आघात मे महिन्यातला. टॉम ॲलन्सवर्थ यांनी १९९६ साली सुरू केलेले एव्हसिम हे या छंदाचे सर्वांत मोठे ग्रंथालय होते. लोकांनी फावल्या वेळात बनवलेली विमाने, विमानतळ, रंगसंगती, तक्ते तेथे साठवलेले होते. एका घुसखोराने ते पुसून टाकले. एव्हसिमचे दोन सर्व्हर होते आणि एकाची प्रत दुसऱ्यावर ठेवली जाई. त्याने दोन्ही पुसले. तेरा वर्षांचा संचय एका दिवसात नाहीसा झाला. पुढे संस्था पुन्हा उभी राहिली, ही समुदायाची चिकाटी.

दप्तरखान्यात वाळवी लागलेले रुमाल ज्याने पाहिले आहेत, त्याला ही बातमी परकी वाटू नये. मात्र एक फरक आहे. मोडी कागद अर्धा कुरतडला तरी अर्धा उरतो. येथे काही उरत नाही. १९९०च्या दशकातील बहुतेक आभासी कंपन्यांचे अहवाल, पदोन्नतीची पत्रे, भांडणांचा पत्रव्यवहार कोणा एकाच्या संगणकावर होता. तो संगणक भंगारात गेला आणि कंपनीचा इतिहास त्याच्याबरोबर गेला. तीनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या कमाविसदाराचा हिशेब आपल्याला मिळतो, आणि तीस वर्षांपूर्वीच्या या ‘कॅप्टन’ मंडळींचे उड्डाण कोठेही सापडत नाही.

दुसऱ्या बाजूला याच लोकांनी अशा गोष्टी जपल्या, ज्या कोणत्याही संग्रहालयाला जपता आल्या नसत्या. हाँगकाँगचे काई ताक विमानतळ ६ जुलै १९९८ रोजी बंद झाले. तेथे उतरताना वैमानिकाला डोंगरावर रंगवलेल्या चौकटीच्या फलकाच्या रोखाने यावे लागे आणि मग इमारतींच्या छपरांवरून, अगदी कमी उंचीवर, उजवीकडे तीव्र वळण घेऊन धावपट्टी गाठावी लागे. छायाचित्रांत ते दृश्य पाहता येते. परंतु ते वळण केव्हा सुरू करायचे आणि उशीर झाला तर काय होते, हे कळते ते ते करून पाहिल्यावरच. छंदिष्टांनी काई ताक पुन्हा बांधले आणि तेथे आजही विमाने उतरतात. कॉंकॉर्डचेही तेच. २००३ साली तिची सेवा थांबली; तिचे इंधन एका टाकीतून दुसरीत ढकलून तोल कसा सांभाळायचा, हे सिम्युलेटरवर शिकणारी तरुण मुले आहेत. इतिहासाचे हे एक वेगळेच साधन : कृतीची स्मृती.

वर्तमान थोडक्यात. ऑक्टोबर २०१९मध्ये वॅटसिमने नवी ध्वनियंत्रणा आणली; विमान दूर गेले की आवाज खऱ्या रेडिओसारखा विरू लागला. वर्षातून दोनदा ‘क्रॉस द पाँड’ होते, आणि शेकडो विमाने एकाच दिवशी अटलांटिक ओलांडतात. कित्येकांना निघण्यासाठी रांगेत तास तास थांबावे लागते, आणि ते आनंदाने थांबतात. ऑस्ट्रेलियातील हौशी गट दर नोव्हेंबरात आठवडाभर पृथ्वीप्रदक्षिणा करून तेथील फ्लाइंग डॉक्टर सेवेसाठी देणग्या गोळा करतात. २०२०च्या वसंतात महामारीने खरे आकाश रिकामे केले, तेव्हा आभासी आकाशात दाटी झाली. घरी बसलेले खरे वैमानिकही तेथे आले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्ट नव्या सिम्युलेटरसह परतले. तो फ्रान्समधील असोबो या स्टुडिओने बनवला.

या नव्या सिम्युलेटरविषयी एक शंका नोंदवतो. जुना सिम्युलेटर तबकडीवर येई; २००० सालची तबकडी आज चालवली तर २००० सालचे जग दिसते. नव्याचे जग उपग्रहचित्रांवरून इंटरनेटद्वारे येते आणि सतत ताजे होते. ताजे होणे म्हणजेच आधीचे पुसले जाणे. उद्या एखादी धावपट्टी नांगरली गेली, तर ती पडद्यावरूनही जाईल.

मेग्ज फील्डचे तसेच झाले होते. २००६च्या आवृत्तीत ते वगळले गेले, आणि काही हौशी लोकांनी ते स्वतः बांधून मोफत वाटले. मग ११ नोव्हेंबर २०२२ रोजी, सिम्युलेटरच्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या आवृत्तीत, खुद्द मायक्रोसॉफ्टने ते परत आणले. समोर पाणी, डावीकडे गगनचुंबी इमारती.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी कोणाच्या, किंवा कोणाच्या काका-मामांच्या जुन्या हार्ड डिस्कवर, सीडीवर, छापून ठेवलेल्या ईमेलमध्ये १९९०-२०००च्या दशकांतील आभासी कंपन्यांचे अहवाल, प्रमाणपत्रे, वेळापत्रके असतील, तर ती टाकू नका. मला कळवा. मुंबई, पुणे, नागपूर, गोवा येथील तळांविषयी काही असेल तर आधी.